ड्युटी बदलायच्या आत

शकीला आपा गेल्याचं मला आम्हा निवृत्त सिस्टर्सच्या ग्रुपवर कळलं. तीन आठवडे झाले. निरोप वाचून मी फोन पालथा ठेवला आणि भेंडी चिरत राहिले. अकरा वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. म्हणजे मी बोलले नव्हते…

ती खांडबाऱ्याच्या शिंप्याच्या घरची, मी धानोऱ्याच्या पाटलांची. मी सरकारी रुग्णालयात नवी लागले तेव्हा पेशंटचा हात न दुखवता शीर कशी धरायची, हे तिनं शिकवलं. पेशंटशी आणि माझ्याशी ती अहिराणीच बोलायची. पुढे ती इन्चार्ज झाली.

त्या दुपारी माझ्याकडे दोन वॉर्ड होते, दोन्हींत सहा नंबरची खाट. एकीकडच्या बाईचं इन्सुलिन मी दुसरीकडच्या बाईला दिलं. थोड्या वेळानं ती घामानं भिजली, जीभ जड झाली. आपानंच ओळखलं, साखर तपासली, ग्लुकोज लावलं. संध्याकाळपर्यंत बाई उठून बसली. उपाशी होती म्हणून साखर उतरली, असं म्हटलं असतं तर कुणी पुढे विचारलं नसतं. मी आपाला तेच विनवत होते.

“ती वाची गयी ना, आपा.”

“वाचनी म्हनीसन तिले सांगानं नही का?” ती म्हणाली. मग हळूच, “ड्युटी बदलाना आत तू सांग. नही ते माले सांगनं पडी.”

मी सांगितलं नाही. कपाटाशी उभी राहून औषधं मोजत राहिले. ड्युटी बदलली, आणि तिनं आधी डॉक्टरांना, मग त्या बाईला आणि तिच्या मुलाला सगळं सांगितलं.

माझी बदली तोरणमाळला झाली. मुलं अजून शाळेत होती. त्या घाटात बस वळली की मी तिला शिव्या द्यायचे. दोन वर्षांनी परत आले तेव्हा ती इन्चार्ज नव्हती. मला बरं वाटलं, हे आता लिहिताना हात थांबतो. ईदला ती माझ्यासाठी शीरखुर्म्याचा डबा पाठवायची. तो मी न उघडता वॉर्डातल्या मावशींना देऊन टाकायचे.

परवा खांडबाऱ्याला तिच्या घरी गेले. तिचे मिस्टर, युसुफभाई, भेटले. त्यांच्याकडून कळलं की चौकशीत आपानं लिहून दिलं होतं, एका सिस्टरवर दोन वॉर्ड मीच टाकले, मूळ चूक माझी. म्हणून तिचं इन्चार्जपद गेलं. मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, “तीनदा आली होती तुमच्या दारी. तुम्ही घरात नाही म्हणून निरोप यायचा.”

मी घरातच असायचे…

मग ते तिच्या आजारपणाबद्दल सांगत राहिले. इंजेक्शन घेऊन नवखी सिस्टर आली की आपा हात चादरीखाली ओढून घ्यायची. “पहिले नाव इचार,” म्हणायची. त्या मुलीला तिचं नाव पाठ होतं, तरी रोज विचारायला लावायची. शेवटच्या दिवशी आवाज उरला नव्हता. मुलीनं नाव विचारलं. आपानं नुसते ओठ हलवून पूर्ण नाव सांगितलं, आणि मगच हात बाहेर काढला.