थोरल्या काकींची स्कीम

दुकानातून एकटी वस्तू विकत आणणं हा गुन्हा आहे असं मनापासून मानणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली, ती म्हणजे आमच्या थोरल्या काकी, माझ्या सासूबाईंच्या मोठ्या जाऊ. मी शहापूरहून लग्न होऊन मुरबाडजवळच्या या गावात आले ती नव्वद सालानंतर, स्कीम नावाचा प्रकार आमच्याकडच्या दुकानांत नुकता शिरत होता तेव्हा. चहाच्या पुड्यावर चमचा, धुण्याच्या पावडरीवर बादली, तीन साबणांवर चौथा. काकींचे यजमान लवकर गेलेले. मुलगा आसनगावला खोली घेऊन राहायचा, कल्याणला कामाला जायचा आणि महिन्याच्या सुरुवातीला ठरलेले पैसे आणून द्यायचा. ते काकी रुमालात बांधायच्या. रुमाल रिकामा झाला की त्यांचा महिना संपला, मग तारीख कुठलीही असो. मुलाकडे वर काही मागतील तर शपथ. अशा बाईने काटकसर करून एकच साबण आणावा, असं कुणालाही वाटेल. मी एकदा तसं बोलून दाखवलं तर मलाच ऐकावं लागलं. "एकट्या वस्तूवर दुकानदार कमावतो गो. जोडीवर त्याला लाज वाटते."

परिणामी त्या घरात माणूस एक आणि बादल्या अकरा होत्या. टूथपेस्टवर मिळालेल्या ब्रशांची जुडी कोनाड्यात पडलेली आणि काकी स्वतः राखुंडीने दात घासणार. पेस्टचं काय करायच्या ते पुढे सांगते. एकदा तर त्यांनी दाढीच्या क्रीमची ट्यूब आणली, कारण तिच्यावर प्लास्टिकचा मग मिळत होता. दाढी कुणाची, असं दुकानदाराने विचारलं तर म्हणाल्या, मग माझा, दाढीचं बघू. त्याच संध्याकाळी ती ट्यूब काकींच्या आणि आमच्या अंगणांमधल्या कमरेएवढ्या भिंतीवर येऊन बसली आणि पुढचे सहा महिने आमच्या ह्यांनी फेसाळलेल्या तोंडाने काकींचे आभार मानले.

आता त्या भिंतीचं सांगायला हवं. काकी आणि सासूबाई एकमेकींशी बोलत नव्हत्या. मी यायच्या कितीतरी आधीपासून नव्हत्या. सासूबाईंच्या म्हणण्याप्रमाणे बारशाच्या घुगऱ्या वाटताना थोरलीने त्यांना मुद्दाम वगळलं होतं. काकींच्या म्हणण्याप्रमाणे धाकटीने त्यांचा कोंबडा कापून खाल्ला आणि वर कोंबडा पाहिलाच नाही म्हणून सांगितलं. मी नवी सून, दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि मला त्यातल्या त्यात कोंबड्याचं वाईट वाटलं. पण जोडीतली दुसरी वस्तू मात्र न चुकता भिंतीवर यायची. दुसरा साबण, दुसरा चहाचा पुडा, टूथपेस्ट, सगळं. काकी आमच्याकडे न बघता, भिंतीजवळच्या कण्हेरीला सांगितल्यासारखं म्हणायच्या, "फुकट आलंय. घरात अडचण नको." आणि आत वळायच्या. मग सासूबाई थोडा वेळ जाऊ देऊन, कुणी बघत नाही असं स्वतःचं समाधान करून, ते उचलायच्या. दोन दिवसांनी त्याच जागी तांदळाच्या पापडांची चवड नाहीतर वालाच्या बिरड्याची वाटी असायची आणि सासूबाई हवेत सांगायच्या की जास्त झालंय, वाया जाईल. म्हसा गावच्या जत्रेतून काकींनी एका वर्षी घोंगड्यांची जोडी आणली. घोंगडीवाल्याशी उन्हं उतरेपर्यंत घासाघीस केली आणि घरी आल्यावर दोन्ही घोंगड्या हाताने चाचपून, त्यातली जाड भिंतीवर टाकली. मी ओसरीवरून बघत होते. फुकट आलेली वस्तू कुणी अशी निवडून देत नाही, एवढं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढे, मुरबाडला मोबाइलची दुकानं झाली त्या सुमाराला, सासूबाईंनी अंथरूण धरलं. अंगावरचं मांस झडत चाललं. डॉक्टर म्हणाले, जेवण जात नाही तर डब्यातली ताकदीची पावडर दुधातून द्या. आम्ही आणली. सासूबाई एक घोट घेऊन तोंड वाकडं करायच्या आणि पेला सरकवायच्या. आणि नेमकी त्याच दिवसांत भिंत रिकामी राहायला लागली. साबण नाही, चहा नाही, दीड महिना काही नाही. माझा संताप संताप झाला. माणूस मरणाला टेकलंय आणि हिला कोंबडा आठवतोय, असं मी ह्यांच्यापाशी नको नको ते बोलले. काकी अंगणात दिसल्या तरी मी मान फिरवायची. सासूबाई गेल्या तेव्हा काकी आल्या, दारात उभ्या राहिल्या, डोळ्यांतून टिपूस न काढता परत गेल्या. तेही मी मनात धरून ठेवलं.

दहाव्याचं सामान आणायला मी मुरबाडला गेले. दुकानदार आमच्या ओळखीचा. काकी कशा आहेत, असं त्याने विचारलं. म्हणाला, दीड महिना दर बाजाराला येत होत्या. दुसरं काही घ्यायच्या नाहीत. तो ताकदीच्या पावडरीचा मोठा डबा खाली काढायला लावायच्या आणि यावर काय फुकट आहे विचारायच्या. पैसे रुमालात पुरेसे असायचे, त्यांनी उघडून दाखवलेसुद्धा होते. त्याने सांगितलं, मावशी, ह्या डब्यावर स्कीम येत नाही. तर म्हणायच्या, येईल, पुढच्या बाजारी बघते. मग म्हणाला, "मला म्हातारीचा हट्ट वाटला हो. कुणाला द्यायचाय हे बोलल्या असत्या, तर मीच दुसरा लहान डबा दोऱ्यानं बांधून दिला असता." मी सामान उचललं. एसटीत बसल्यावर मला रडू फुटलं.

तेरावं झाल्यावर दुपारी काकी आल्या. भिंतीपाशी थांबल्या नाहीत, पुढच्या दाराने आत आल्या. हातात तो डबा होता, एकटा, पूर्ण किमतीचा. सासूबाईंच्या फोटोसमोर बसल्या आणि डबा मांडीवरच ठेवला.

"एकच आणला असता तर तिनं घेतला नसता गो," त्या म्हणाल्या. "तिला वाटलं असतं, थोरली वाकली. मलाबी तसंच वाटलं असतं."

मग त्यांनी मला विचारलं, डबा वेळेवर आला असता तर ती जगली असती का.

मी सांगितलं, नाही काकी. शेवटचा महिनाभर त्यांच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं. तुम्ही काहीही आणलं असतं तरी उपयोग नव्हता. काकींनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, मग पदराने डबा पुसला आणि पोरांना घाल म्हणून माझ्या हातात दिला. त्या दिवशी त्या आमच्याकडेच जेवल्या.

आता काकीही राहिल्या नाहीत. त्या दुपारी मी खोटं बोलले आणि त्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही. सासूबाईंनी जायच्या आदल्या दिवशी वाटीभर पेज माझ्याकडून मागून घेतली होती, आणि वाटी खाली ठेवताना हळूच म्हणाल्या होत्या, भिंतीवर काही आलंय का बघ गो, आलं असेल तर तेच घेईन.