उलटी बरणी

वच्छला रामटेके ब्रह्मपुरीची. घरातली पहिली बी.एस्सी. १९८४ साली एटापल्लीकडच्या एका आश्रमशाळेत ती विज्ञान शिकवायची, मी मराठी. मला भाऊ म्हणायची आणि माझ्या कवितांवरून चिडवायची.

त्या दिवशी तिला आठवीला अमोनिया दाखवायचा होता; मीही मागे उभा राहून बघत होतो. नवसागर कल्हईवाल्याकडून आणला, चुना पानठेल्यावरून. ओला चुना तिने उन्हात वाळवला. दोन्ही मिसळून परीक्षानळीत भरलं, घट्ट बूच लावलं. बुचातून काचेची बारीक नळी वर काढली आणि तिच्यावर बरणी उलटी धरली.

"बाई, बरणी उलटी काऊन?" लच्छूने विचारलं.

"हा वायू हवेपेक्षा हलका. वर पळते. सुलटी धरली तर हाती काय येईल? तुमच्या सरांची कविता?"

पोरं हसली. स्पिरिटचा दिवा पेटला. जरा वेळाने नाकाला झोंबलं.

"बाई, गोठ्यातला वास!"

"तोच. आज त्याले बरणीत धरून दाखवते."

मग वास थांबला. बारीक नळीत पांढरं काहीतरी साचून वायूची वाट बुजली होती. ती वाकून पाहू लागली, आणि बूच उडालं.

आवाज लहानच झाला. तिने चेहरा झाकला. बोटांच्या फटीतून गरम चुना सांडत होता.

"हापशीवर न्या मले."

लच्छू हापशी मारू लागला. धारेखाली ती आडवी पडली. पापण्या घट्ट मिटलेल्या. स्वयंपाकीण रुखमाबाई तेलाची वाटी घेऊन धावत आली.

"तेल नाई! पाणीच," वच्छला म्हणाली. "भाऊ, डोळे उघडे धरा माझे. मी सोडा म्हटलं तरी सोडू नका."

मी बोटांनी तिच्या पापण्या ताणल्या. बुबुळांवर पाणी पडत होतं. ती किंचाळली.

"सोडा, भाऊ! सोडा नं!"

मी सोडलं नाही. आत सगळं लाल होतं, आणि त्यात ती मला शोधत होती. तिला मी दिसतोय की नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

जीपने चंद्रपूरला नेलं. पट्ट्या सुटल्या तेव्हा डावा डोळा वाचला होता. उजव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, बघू.

दिवाळीनंतर ती वर्गात परतली. आधी पाण्याने भरलेली बादली टेबलावर ठेवली, मग दिवा. पोरं भिंतीला चिकटून उभी होती. या वेळी बरणी भरली. ओला तांबडा लिटमस तिने बरणीच्या तोंडाशी धरला.

"निळा झाला, बाई," लच्छू हळूच म्हणाला.

तिने डावा डोळा हाताने झाकला. कागद उजव्या डोळ्याजवळ नेला. आणखी जवळ नेला.

"हो का?" ती म्हणाली.