देव नसलेलं पुस्तक

त्या वर्षांत वऱ्हाडात ज्याच्या त्याच्या तोंडी कापूसच होता. अमेरिकेत कुठेशी लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेजाऱ्यांनी वांगी-मिरच्या उपटून सरकी पेरली. माझा बाप हट्टी माळी. त्याने अमरावतीच्या वेशीबाहेरचा मळा तसाच राखला. कापसाची भाजी कोणी खातं का, असं तो म्हणे.

नाताळला साहेबलोकांच्या बंगल्यावर डाली न्यायची रीत होती: टोपलीत सजवलेली भाजी, फळं आणि वर शेवंतीचे हार. त्या खेपेला कापूस खरेदी करणाऱ्या साहेबाकडे बापाने मलाही नेलं. मी आठेक वर्षांचा असेन. तिथली मडम पोरांना चित्रांची पुस्तकं देते, हे मायच्या कानावर आलं होतं. निघताना तिने बजावलं, "पुस्तक देल्लं तं घेजो. पन त्याइचा देव त्यात दिसला, तं सरळ चुलीत घालीन." माय बोलली की करून दाखवायची.

व्हरांड्यात मेजावर पुस्तकं मांडली होती. मडमेची मुलं शाळेसाठी विलायतेला गेली, ही त्यांचीच, असं खानसाम्याने सांगितलं. मडमेने खुणेने सांगितलं, एक घे. गेरूने रंगवलेल्या भिंती पाहिलेला मी; तो निळा, तो तांबडा रंग बघून माझी हात लावायची छाती होईना. जगात असंही काही असतं, या विचाराने मला चक्क रडू आलं. पण घरी धाकटी भावंडं वाट बघत होती, आणि यांचा देव ओळखायचा कसा? एका पुस्तकावर पंखवालं पोर होतं. ते खाली ठेवलं. दुसऱ्यावर दाढीवाला म्हातारा, डोक्यावर पानांचा मुकुट. मुकुट म्हणजे देवच! तेही ठेवलं. तिसऱ्यावर एक गाव होतं आणि छपरांवर, झाडांवर, रस्त्यावर नुसता पांढराशुभ्र कापूस. केवढं ते पीक! हे आपल्यातलं, म्हणून मी ते छातीशी धरलं.

घरी भावंडं अक्षरशः अंगावर पडली. "दादा, एवढा कापूस कोन येचन?" धाकटीने विचारलं. पुढच्या पानावर चाकं नसलेली गाडी होती, त्यापुढे लोकर वाढलेल्या मेंढ्या. आम्ही बोटं अंगरख्याला पुसून पान उलटत होतो. ओसरीच्या टोकाला चुलीपाशी माय भाकरी थापत होती.

शेवटचं पान उलटलं. गोठा होता. बैल, गाढव, एक बाई, आणि गवतावर उघडं बाळ. बाळाच्या डोक्याभोवती सोन्याचं तेज. हा तर त्यांचा देवच! मी पुस्तक मिटायच्या आत माय पिठाच्या हातांनी मागे येऊन उभी राहिली.

ती वाकून बघू लागली.

"ओली बाळंतीन गोठ्यात काहून निजवली?" तिने मलाच विचारलं. "इले माहेर नाई का?"

जाळ ढणढणत होता आणि मी पुस्तक घट्ट धरून होतो. माय हात धुऊन घरात गेली ती काजळाची डबी घेऊनच आली. तिने करंगळी बुडवली आणि त्या बाळाच्या गालावर तीट लावली.

"एवढं गोरंपान लेकरू," ती म्हणाली, "नजर लागन त्याले."