रेवणअप्पांचा नाग आणि चौथी कॅसेट

नोंद असावी, की दिनांक २३ ऑगस्ट १९९८ रोजी सायंकाळी, वडवणीच्या बाजारपेठेत, मी स्वतः औरंगाबादेहून आणलेली व्हिडिओ गेमची कॅसेट पहिलाच टप्पा पुरा होण्याआधी यंत्रातून उपटून माझ्या हाती परत देण्यात आली. देणारे गृहस्थ रेवणसिद्ध अप्पा, किराणा दुकानदार. कॅसेट आणण्याची विनंतीही त्यांचीच होती.

अप्पांनी दुकानामागच्या खोलीत टीव्ही आणि यंत्र मांडले ते गिऱ्हाइकांच्या मुलांसाठी. आठवडाभरात मुले मागे बसली आणि अप्पा पुढे. गावात ज्याला ‘गुहेवाला’ म्हणतात त्या खेळाचे तीन भाग त्यांना तोंडपाठ होते. नायक हरवलेल्या भावाला शोधत गुहांमधून फिरतो. भाऊ काही सापडत नाही. साखर घ्यायला आलेली माणसे गल्ल्यावर बसणाऱ्या त्यांच्या पत्नीला, गंगासागरवहिनींना, सरळ विचारीत, “मेले का अप्पा?”

“न्हाई, अजून दोन जीव बाकी हायेत. बसा घडीभर.”

दुसऱ्या भागात एक नाग येतो. मुले त्याच्यावर दगड फेकून थकली. नाग मरत नसे. एका सोमवारी अप्पांनी सवयीने रिमोट खाली ठेवून नागाला हात जोडले, आणि नायक स्वस्थ उभा राहिलेला पाहून नाग बाजूने निघून गेला. तेव्हापासून वडवणीत तो टप्पा हात जोडूनच पार केला जातो. तिसऱ्या भागातही तेच चालले.

हे दोन्ही भाग मूळ निर्मात्यांचे नव्हेत, हे खोक्यावरचे इंग्रजी वाचून मीच सर्वांना समजावले होते. पहिला भाग त्यांचा, मधले दोन परक्यांचे, आणि आता मी आणलेला चौथा पुन्हा त्यांचा. त्यात भाऊ सापडतो, असे खोक्यावर छापले होते. अप्पा दोन वर्षे त्याच भावाची वाट पाहत होते.

त्या सायंकाळी चौथ्या भागातही नाग आला. अप्पांनी रिमोट ठेवला, हात जोडले. नाग डसला. दुसऱ्यांदा जोडले, पुन्हा डसला. मी खोक्यावरची सूचना वाचून दाखवली : नागाला तलवारीने मारल्याशिवाय गुहेचे दार उघडत नाही.

“ह्यांना खेळ कळलाच न्हाई,” अप्पा म्हणाले.

“अप्पा, ज्यांनी निर्माण केला त्यांना कळला नाही, आणि तुम्हाला कळला?”

“त्यांनी केला आन् सोडून दिला. आमी रोज खेळलो.”

“मधल्या परक्यांना नाग मारण्याची सोय करता आली नसेल, एवढाच त्याचा अर्थ.”

“मग चुकून झालं असल. पर झालं ते बराबर झालं.”

मी कलाकृती आणि निर्माता यांचे नाते विशद करू लागलो, तोच वहिनी पडद्याआडून बोलल्या, “सर, वीरेश माझ्या पोटचा. मग त्याला काय येतं आन् काय येत न्हाई, हे दर साली मला शाळेत बोलवून तुमी कशापायी सांगता?”

खोलीतली सगळी मंडळी हसली. मूल आणि कॅसेट यांची तुलना तर्कदुष्ट आहे, हे मी तिथेच स्पष्ट केले. हसण्यात ते कोणी ऐकले नाही.

“पण अप्पा, भाऊ?” मी विचारले. “एक नाग मारा, भाऊ सापडतो.”

अप्पांनी रिमोट उचलला. तलवारीच्या बटणावर त्यांचा अंगठा गेलाही होता. मग म्हणाले, “नाग मारून भेटणारा भाऊ ह्या गड्याचा न्हाई सर. दुसऱ्याच कुणाचा आसल,” आणि कॅसेट उपटली.

निर्मात्याचाच अधिकार अंतिम, हे माझे मत कायम आहे. परंतु गावात दुसरे यंत्र नाही, आणि अप्पा ही कॅसेट पुन्हा लावू देत नाहीत. परवा मात्र चहापत्तीची पुडी बांधता बांधता, वहिनींना ऐकू जाणार नाही अशा बेताने, त्यांनी मला विचारले, “सर, सापडला का हो त्यो?”

खोक्यावर तसे छापले आहे, एवढेच मी सांगू शकलो; प्रत्यक्ष पाहिलेले नाही. तरी ज्या वाचकाने चौथा भाग शेवटपर्यंत खेळला असेल, त्याने भाऊ सापडतो की नाही हे मला पोस्टकार्डाने कळवावे.