पोरीसाठी लावलेला कलप

पाहुणे यायचे ठरले की आमच्या घरात पोरीआधी मला नटवतात. रहिमतपुरात माझं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे. तिथं माझं डोकं पांढरं की काळं, कुणी विचारत नाही. पण मंडळी म्हणते, "बाप म्हातारा दिसला की पोरगी थोराड वाटती. कागदावरचं वय कोण वाचतंय? माणसं तोंड बघत्यात."

मुलगी एकतीसची. कराडला नोकरी करते, शनिवारी घरी येते. मग तिच्या तोंडाला साय, बेसन आणि पार्लर, माझ्या डोक्याला कलप. दर वेळी डोकं खाजायचं, कानामागं पुरळ उठायचं. नकार आला की तिची साडी कपाटात जायची आणि माझी मुळं पुन्हा पांढरी व्हायला लागायची. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही, असं म्हणतात. वयाचंही येत नाही, आणि ते आणताना माणूस फार दमतो.

या खेपेला सांगलीचं स्थळ होतं, मेव्हण्यानं आणलेलं. मुलाशी ती फोनवर बोलली होती. पहिल्यांदाच आपणहून मला म्हणाली, "आण्णा, माणूस बरा वाटतोय." झालं, मला हुरूप आला. कलप नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला, मिशीलाही फासला.

सकाळी उठलो तर डोळे उघडेनात. पापण्या टम्म सुजलेल्या, कपाळ लालभडक. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि पुन्हा लावाल तर याद राखा म्हणून दरडावलं. तोवर पाहुणे सांगलीहून निघाले होते. तसाच जाऊन बैठकीत बसलो. मुलगा आमच्या पोरीशी बोलत होता, दोघं हसतही होती. त्याची आई मात्र माझ्याकडेच बघत होती.

"काय झालंय तुमास्नी?" शेवटी तिनं विचारलंच.

कलप, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी मंडळीकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"उष्णता," मी म्हणालो.

काही दिवसांनी मेव्हण्याचा फोन आला. "पोरगी पसंत हाय, दाजी. पर घराण्यात कातडीचा आजार हाय का काय, आसं वाटतंय त्यास्नी. नको म्हणत्यात."

"आरं, कलप लावलावता मी. सांग की त्यास्नी!"

"सांगितलं की. आता सारवासारव वाटती, दाजी."

पोरीला मीच सांगितलं. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसतं "बरं" म्हणाली. पुढच्या रविवारी मात्र मला हाताला धरून सलूनमध्ये घेऊन गेली आणि कारागिराला म्हणाली, "सगळं काळं काढून टाका."

मशीन फिरत होतं, काळे केस मांडीवर पडत होते. आरशात पांढऱ्या खुंटांचा एक म्हातारा दिसायला लागला आणि मला रडू आलं. केसांसाठी नव्हे.

"पोरी, तुझं जमत आल्यालं मी घालवलं गं."

तिनं माझ्या मानेवरचे केस झटकले, डोक्यावरून हात फिरवला.

"आसू द्या, आण्णा," ती म्हणाली. "आता कसं, एकतीस वर्सांच्या पोरीचं बाप दिसताय."