गुलाबी डोक्याचं बदक मला नांदूरला दिसलं

रंगपंचमीला पन्नाशीतल्या माणसानं रहाडीत उडी मारू नये. मारलीच तर चष्मा काढून मारावी. मी चष्म्यासकट मारली. रहाड म्हणजे आमच्या नाशकातला जमिनीत खोदलेला रंगाचा हौद. तिचा रंग दोन-तीन दिवस अंगावरून जात नाही, त्यामुळे नखं गुलाबी दिसली तरी मला नवल वाटलं नाही. भातही गुलाबीसर दिसला. म्हटलं, बायकोच्या हाताचा रंग उतरला असेल.

दोन दिवसांनी रविवार आला. सातपूरच्या कंपनीतला माझा वीस वर्षांपासूनचा जोडीदार आणि मी नेहमीप्रमाणे नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला गेलो. संध्याकाळी वाचनालयात माझं भाषण होतं, दोन बदकांवर. एक आपलं हळदी-कुंकू बदक: धरण, गावतळं, सांडपाण्याचं डबकं, कुठंही संसार थाटणारं. दुसरं गुलाबी डोक्याचं, उंच गवताच्या दलदलीत लपून राहणारं. दलदली आटवल्या, बंदुका आल्या, ते संपलं.

आणि समोर पाणगवतात तपकिरी अंग, गुलाबी डोकं!

जोडीदारानं कॅमेऱ्यातून पाहिलं, मग बराच वेळ माझ्या तोंडाकडे. "फोटो काढलाय," तो म्हणाला. "आत्ता कुणाला बोलू नको. संध्याकाळी एकदम जाहीर कर."

मी त्याच्या गळ्यात पडून रडलो. त्यानं पाठ थोपटली.

संध्याकाळी मी जाहीर केलं. त्यानं फोटो पडद्यावर लावला. खसखस पिकली.

"हसता काय? डोकं बघा, कसं गुलाबी!"

पुढच्या रांगेतली कॉलेजची मुलगी म्हणाली, "काका, चष्मा काढून बघा ना."

काढला. फोटो एवढा मोठा होता, की उघड्या डोळ्यांनाही चोचीचं पिवळं टोक दिसलं. हळदी-कुंकू. माझ्यावर हसण्यात मी कुणाला पुढे जाऊ देत नाही, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो.

बाहेर स्कूटरपाशी त्याला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"तिथंच. तुझ्या काचा बघून."

"मग बोलला का नाहीस?"

"वीस वर्षं मी पक्ष्याचं नाव घेतलं की तू म्हणतोस, चूक. एकदा तरी नुसतं हो म्हणालास का, लेका?"

नव्हतो म्हणालो. पण पाठ थोपटताना त्याला सगळं ठाऊक होतं, हे काही केल्या गिळवेना.

पुढच्या रविवारी त्यानं खालून हॉर्न दिला. मी गॅलरीत, तो निघून जाईपर्यंत, वाळलेलेच कपडे पुन्हा वाळत घालत राहिलो.