तिच्या देखत बोललेलं

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वाकडं लिहिलं तर चालवून घ्या.

बायकोच्या दहाव्याला घिवलीच्या किनाऱ्यावर कावळा पिंडाला शिवेना. अशा वेळी मेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल ते मोठ्यानं कबूल करायचं असतं. भाऊ म्हणाला, "नातीत जीव अडकलाय तिचा. सांभाळीन बोल."

नात नऊ वर्षांची. जन्मात एक शब्द बोललेली नाही. ऑटिझम हाय म्हणतात. घरी कोणी नव्हतं म्हणून तिलाही वाळूत बसवली होती. माझं डोकं फिरलं. म्हणालो, "देवाला न्यायचंच होतं तर हिला न्यायचं. हिला काय समजतंय?"

कोणी मला गप्प केलं नाही. सगळ्यांना तसंच वाटत होतं.

या उन्हाळ्यात तिला बोईसरला मुलांची समज तपासणाऱ्या एका बाईंकडे नेली. मुलगा-सून कंपनीत, म्हणून मी. आधी एका ठिकाणी "कपला हात लाव" म्हणाले, हिनं लावला नाही, तर कागदावर लिहून दिलं, आकलन नाही. या बाई चार चित्रं मांडायच्या, एक वाक्य बोलायच्या आणि नात कुठल्या चित्राकडे बघते ते टिपायच्या. मला भिंतीकडं तोंड करून बसवलं.

"मी काय केलं?"

"आजोबा, उत्तर तुमच्या तोंडावर दिसतं. खोकलात तर मार्क कापीन. तुमचे."

मग न बोलता नुसती लिहिलेली वाक्यं दाखवली. बाई म्हणाल्या, "नुसतं लिहून दाखवलं तरी बरोबर चित्राकडे बघते. ही वाचते. कोणी शिकवलं?"

बायको दुपारी तिला जवळ घेऊन वाण्याच्या पुड्यांचे कागद बोट ठेवून वाचायची. मी म्हणायचो, भिंतीला वाचून दाखव. ती म्हणायची, "तुमच्यापेक्षा बरी ऐकते."

बाई म्हणाल्या, घरातलं काहीतरी विचारू. मी म्हणालो, "आजी कुठं हाय, विचारा." आम्ही तिला काही सांगितलंच नव्हतं. बाईंनी तीन चिठ्ठ्या लिहिल्या: गावाला, दवाखान्यात, वारली. मला वळून बघू दिलं.

ती 'वारली'कडं बघत होती. बाईंनी चिठ्ठ्यांच्या जागा बदलल्या. पुन्हा तिथंच.

दहाव्याला मी जे बोललो ते बाईंना कसंबसं सांगितलं. त्यांनी 'हो' आणि 'नाही' मांडलं. मीच विचारलं, "वाळूत बोललो ते ऐकलंस?"

हो.

"रागावलीस?"

ती खिडकीबाहेर बघू लागली. बाई म्हणाल्या, "पुन्हा विचारू?"

"नको."

घरी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. म्हणालो, चुकलो, माफ कर. ती उठली आणि आत गेली. मी थांबवलं नाही.